राखेचा हिशेब

नाशिकरोडहून पूर्वेकडे निघाले की द्राक्षबागांच्या आणि भाजीपाल्याच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे एकलहऱ्याच्या चिमण्या आभाळात उभ्या दिसतात. या परिसरातील माणसाला वाट सांगायला दुसरी खूण लागत नाही. ‘चिमण्या उजव्या हाताला ठेवा आणि सरळ जा,’ एवढे सांगितले की पाहुणा घरी पोहोचतो. सामनगाव, हिंगणवेढे, कोटमगाव या गावांत जन्मलेल्या दोन पिढ्यांनी क्षितिज म्हणून आधी या चिमण्याच पाहिल्या. वीज मंडळाच्या वसाहतीत वाढून पुढे मुंबई-पुण्याला गेलेली आमच्या धर्मग्रामातील मुले नाताळाला घरी येतात, तेव्हा दुरून चिमण्या दिसल्या की त्यांना घर आल्यासारखे वाटते. ज्या धुराविषयी ती शहरात तावातावाने बोलतात, त्याच धुराने त्यांच्या शाळेची फी भरली, हे त्यांना ठाऊक असते. म्हणूनच एकलहऱ्याविषयी लिहिताना लेखणी जपून चालवावी लागते.

येथील औष्णिक विद्युत केंद्राचे १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७०-७१ मध्ये सुरू झाले. त्यानंतर १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. पहिले दोन संच आयुष्य संपल्यावर बंद झाले. उरलेल्या तिघांची क्षमता ६३० मेगावॅट. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा तीन स्वतंत्र कंपन्या झाल्या, तेव्हा हे केंद्र महानिर्मितीकडे आले. लोक मात्र अजूनही ‘बोर्ड’ असेच म्हणतात. जमीन एकलहऱ्याच्या परिसराची, पाणी नदीचे, कोळसा रेल्वेने दूरवरून आलेला. या तिन्हींपासून तयार होणारी वीज तारांवरून क्षणात निघून जाते. ती कोठे जाते, कोणाचा पंखा फिरवते, कोणाचे यंत्र चालवते, हे सांगता येत नाही. मागे उरते ती राख. ती मात्र कोठे आहे, हे येथील शेंबड्या पोरालाही सांगता येते.

या राखेचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. साधारणपणे तीस ते चाळीस टक्के. एक युनिट वीज तयार करायला ढोबळमानाने सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे प्रत्येक युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख उरते. महिन्याला शंभर युनिट वीज वापरणारे आपले एखादे साधे कुटुंब घ्या. ती सारी वीज कोळशाची धरली, तर त्या घराच्या नावे दरमहा पंचवीस किलो राख तयार होते. सिमेंटची अर्धी गोणी! वर्षाला सहा गोण्या. या गोण्या आपल्या दारात कोणी आणून टाकत नाही, म्हणून त्या आपल्याला दिसत नाहीत. त्या एकलहऱ्याला, कोराडीला, भुसावळला, परळीला राहतात.

जळलेल्या कोळशाची जड राख भट्टीच्या तळाशी पडते, आणि तिच्या सुमारे चौपट बारीक राख धुराबरोबर वर जाते. तिला धुराड्यातून निसटण्यापूर्वी विजेच्या भारित पत्र्यांकडे खेचून पकडतात. कोरडी पकडलेली राख बंद टाक्यांच्या वाहनांतून नेता येते. जी उचलली जात नाही, ती पाण्यात कालवून नळांतून राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. पावसाळ्यात हा बंधारा एखाद्या शांत तळ्यासारखा दिसतो. पृष्ठभाग वाळला आणि उन्हाळ्याचा वारा सुटला की तेच तळे उडू लागते. म्हणून तो ओला ठेवणे, त्यावर माती पसरणे, झाडे लावणे, बांधाची डागडुजी करणे ही कामे संच बंद झाल्यावरही चालू ठेवावी लागतात. चिमणीचे आयुष्य चाळीस-पन्नास वर्षे. राखेच्या आयुष्याला अशी मर्यादा नाही.

आता दुसरे चित्र पाहू. गेल्या काही वर्षांत आपल्या देशातील मोठे उद्योगसमूह वर्षाच्या ताळेबंदाबरोबर पर्यावरणाचा अहवालही छापू लागले आहेत. किती पाणी वाचवले, किती झाडे लावली, किती सौरपट्ट बसवले, किती कचरा पुन्हा वापरात आणला, याची आकडेवारी त्यात असते. ही केवळ हौस राहिलेली नाही. ‘सेबी’ या नियामक संस्थेने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला आहे. हे अहवाल मी आवडीने वाचतो. कोणी म्हणेल, पाद्र्याला हे उद्योग कशाला? पण ज्या कुटुंबांमध्ये मी वावरतो त्यांची भाकरी याच कारखान्यांतून येते, आणि श्वासही त्यांच्याच सावलीत चालतो. भाकरी आणि श्वास या दोन्ही गोष्टी माझ्या कामाच्या कक्षेबाहेरच्या आहेत, असे मला वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात कुटुंबभेटीसाठी एका निवृत्त कामगाराच्या घरी गेलो होतो. गृहस्थांची सारी हयात कोळसा उतरवून घेण्याच्या विभागात गेली. त्यांचा धाकटा मुलगा जिल्ह्यातील एका मोठ्या समूहाच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे. त्या दिवशी मुलाने मोठ्या अभिमानाने एक बोधचिन्ह छापलेली पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली. कारखान्याला पर्यावरणाचे मानांकन मिळाले होते, त्याची ती भेट.

वडील म्हणाले, ‘‘फादर, हा म्हणतो यांच्याकडं धूरच नाही. चांगलं आहे. पण मला एक सांगा, तिथला दिवा लागतो तो कुठून?’’

मुलगा म्हणाले, ‘‘बाबा, छतावर सोलर आहे. बाकी ग्रीडमधून येते.’’

‘‘आणि रात्रपाळीला?’’

मुलगा हसला. वडीलही हसले. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता. मुलगा स्वच्छ जागी कामाला आहे याचे समाधान बापाच्या चेहऱ्यावर उघड दिसत होते. चहा घेऊन मी निघालो. पण म्हाताऱ्याचा प्रश्न माझ्याबरोबर आला. त्या कारखान्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण प्रश्न कोणा एका कारखान्याचा नव्हता. स्वच्छतेचा हिशेब कोठपर्यंत मांडायचा, असा तो प्रश्न होता.

आपल्या जिल्ह्याला सर्वांत परिचित असा समूह म्हणजे महिंद्र. १९४५ मध्ये स्थापन झालेला हा उद्योग आज ट्रॅक्टर, मोटारी, संगणकसेवा, कर्जपुरवठा, विश्रामस्थाने, घरबांधणी आणि सौरऊर्जा अशा अनेक क्षेत्रांत पसरला आहे. सातपूर आणि इगतपुरी येथील त्याच्या कारखान्यांनी नाशिकच्या कित्येक घरांत सुबत्ता आणली. २०१६ मध्ये या समूहाने स्वतःवर एक कर लावून घेतला: आपल्या हातून हवेत जाणाऱ्या प्रत्येक टन कार्बनमागे दहा डॉलर बाजूला काढायचे आणि ते ऊर्जाबचतीच्या कामाला लावायचे. भारतीय कंपन्यांत हा प्रयोग पहिलाच होता. ऊर्जेची उत्पादकता दुप्पट करण्याच्या जागतिक संकल्पावर जगात प्रथम सही करणारी कंपनीही हीच. ‘हरियाली’ या नावाने २००७ पासून दरवर्षी दहा लाख झाडे लावण्याचा उपक्रम तिने हाती घेतला. इगतपुरीच्या इंजिन कारखान्यातून कचरा डेपोवर काहीच जात नाही, असे प्रमाणपत्र त्याला मिळाले. पुढे देशातील पहिला कार्बन-तटस्थ कारखाना म्हणूनही त्याचे नाव जाहीर झाले. २०४० पर्यंत संपूर्ण समूह कार्बन-तटस्थ करण्याचा संकल्प २०१८ मध्ये सोडण्यात आला.

ही कामे खरी आहेत आणि ती हलकी लेखणे अन्यायाचे होईल. सह्याद्रीच्या ऐन घाटमाथ्यावर, जेथून दारणेला पाणी येते, त्या तालुक्यात एखादा कारखाना कचरा बाहेर टाकत नसेल, तर खाली राहणाऱ्या प्रत्येकाने त्याचे ऋण मानावे. दारणा पुढे गोदावरीला मिळते. वरच्या माणसाने नदी जपली की खालच्याची अर्धी चिंता मिटते.

तरीही त्या वडिलांचा प्रश्न उरतोच. या विषयातील जाणकार धुराची तीन खाती मांडतात. पहिल्या खात्यात कारखान्याच्या स्वतःच्या चिमणीतून निघालेला धूर. दुसऱ्यात विकत घेतलेल्या विजेसाठी दुसऱ्याच्या चिमणीतून निघालेला. आणि तिसऱ्यात बाकी सारे: कच्चा माल बनवणाऱ्याचा, वाहतुकीचा, आणि तयार झालेली वस्तू गिऱ्हाईकाने वापरताना होणारा. सेबीच्या मूळ नमुन्यात पहिली दोन खाती आवश्यक आहेत, तिसरे ऐच्छिक. काही समूह ते स्वेच्छेने देतात, ही चांगली गोष्ट. पण बहुतेकदा खरे वजन याच तिसऱ्या खात्यात असते. एक साधे गणित करून पाहा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणारी आणि लिटरला पंधरा किलोमीटर देणारी मोटार पंधरा वर्षांत जवळजवळ सत्तावीस टन सोडते. इंजिन बनवणारा कारखाना आरशासारखा लख्ख असू शकतो. इंजिन मात्र फाटकाबाहेर पडल्यावरच श्वास घेऊ लागते. हे ओळखूनच महिंद्रसारखे समूह विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडे वळले आहेत. आणि विजेची गाडी म्हटली की आपण पुन्हा एकलहऱ्याच्या चिमणीपाशी येतो. वीज स्वच्छ झाली, तरच गाडी स्वच्छ. तोपर्यंत धूर शहरातील रस्त्यावरून उचलून खेड्याच्या आभाळात ठेवला, एवढेच म्हणता येईल. खेड्यातील माणसाने याबद्दल शहराकडे भाडे मागितले तर त्याचे काय चुकले?

आता राखेचाच पुढचा प्रवास पाहू, म्हणजे या हिशेबाची आणखी एक बाजू कळेल. कोळशाची बारीक राख सिमेंटमध्ये मिसळता येते. एक टन क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भाजलेला गाभा, तयार करताना आठशे-नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्याच्या जागी पंधरा ते पस्तीस टक्क्यांपर्यंत राख घातली, तर चुनखडी वाचते, इंधन वाचते, धूर वाचतो आणि सिमेंटही टिकाऊ होते. एकलहऱ्याच्या राखेवर प्रक्रिया करणारा ‘डर्क इंडिया’ हा उद्योग याच पायावर उभा राहिला. २०११ मध्ये तो अंबुजा सिमेंटने घेतला. अंबुजा तेव्हा होल्सिम या स्विस समूहात होती. २०२२ मध्ये ती अदानी समूहाकडे गेली. अशा रीतीने आमच्या गावची राख जगातील मोठमोठ्या उद्योगघराण्यांच्या वह्यांपर्यंत पोहोचली.

राख भिंतीत गेली, बंधाऱ्यात पडली नाही, याहून चांगले काय? त्यात माझे काही दुमत नाही. पण वहीतील नोंद मात्र गमतीची आहे. वीज निर्माण करणाऱ्याच्या वहीत ही राख ‘शंभर टक्के उपयोगात आणलेला टाकाऊ पदार्थ’ म्हणून लिहिली जाते. सिमेंटवाल्याच्या वहीत तीच ‘नैसर्गिक साधनसंपत्तीची बचत’ होते. इमारत बांधणाऱ्याच्या वहीत ती ‘हरित बांधकाम’ म्हणून तिसऱ्यांदा येते. एका राखेचे पुण्य तिघांच्या खाती जमा! आणि जी राख कोणी उचलली नाही, तिचे पाप कोणाच्या खाती? ती नोंद शोधायला गेलो तर वहीची पाने संपतात.

समूह जितका मोठा, तितकी ही अडचण मोठी. अदानी समूहाचेच पाहा. कच्छमधील खावडा येथे तीस हजार मेगावॅटचा सौर आणि पवनऊर्जेचा प्रकल्प उभारण्याची त्याची योजना आहे. जगात एवढा मोठा दुसरा नाही. त्याच समूहाचे ३३०० मेगावॅटचे कोळशावरील केंद्र आपल्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला आहे. टाटांकडे सौर पट्ट आहेत आणि मुंद्र्याला चार हजार मेगावॅटचे कोळशाचे केंद्रही आहे. एका घरात दोन भाऊ असावेत, एकाने झाडे लावावीत आणि दुसऱ्याने लाकडाची वखार चालवावी, तसे हे. त्यात लबाडीच असते असे नाही. आजही देशातील विजेचा मोठा वाटा कोळशाचा आहे आणि उद्या सकाळी तो बंद करता येणार नाही. मात्र घराविषयी बोलताना दोघा भावांची मिळकत एकत्र मांडावी, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

हा प्रश्न आजचा नाही, हे महाराष्ट्राला तरी सांगायला नको. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुराने काळवंडल्या होत्या. सह्याद्रीतील पावसाच्या पाण्यावर वीज करून त्या चालवाव्यात, ही टाटांची कल्पना अतिशय दूरदृष्टीची होती. १९१५ मध्ये खोपोलीला, १९२२ मध्ये भिवपुरीला आणि १९२७ मध्ये भिऱ्याला ती साकार झाली. आजच्या भाषेत याहून हरित काय असणार? पण भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे खोरे बुडायचे होते. एप्रिल १९२१ मध्ये तेथील मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातच ‘सेनापती’ झाले. १९२४ पर्यंत लढा चालला. शेवटी धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. मुंबईचे आभाळ काही अंशी उजळले, त्याची किंमत ज्यांच्या घरी अजून दिवा लागायचा होता त्यांनी मोजली. स्वच्छ वीज आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आली की दुसरी आपोआप येतेच असे नाही. मुळशीने हे आपल्याला फार पूर्वी शिकवले.

केवळ खासगी समूहांकडे बोट दाखवून थांबणे बरोबर नाही. आपली महानिर्मिती हाही एक मोठा संसार आहे आणि त्यातही दोन्ही रंग आहेत. कोयनेचे पाणी, २००८ पासून घाटघरला रात्री वर चढवून मागणीच्या वेळी खाली सोडले जाणारे पाणी, २०१३ मध्ये धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात उभा राहिलेला १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प, हे सारे तिच्याच नावावर. कोराडीचे केंद्र नागपूर शहराचे सांडपाणी शुद्ध करून वापरते. रोजचे सुमारे तेरा कोटी लिटर. तेवढे धरणाचे पाणी माणसांना आणि पिकांना उरते. २०१५ मध्ये पाण्यावाचून परळीचे संच बंद ठेवावे लागले होते, हे आठवले की या कामाचे मोल कळते. आणि त्याच कोराडीचा खसाळा येथील राखेचा बंधारा जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत फुटला. राखेचा चिखल शेतांत आणि ओढ्या-नद्यांत गेला. एकाच केंद्राची ही दोन पाने. अहवाल वाचणाऱ्याने दोन्ही उलटावीत.

कायदाही हळूहळू शहाणा होतो आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १४ सप्टेंबर १९९९ रोजी राखेच्या वापराविषयी पहिली अधिसूचना काढली. केंद्राच्या पन्नास किलोमीटर परिसरातील वीटभट्ट्यांनी मातीत राख मिसळावी, असे तिने सांगितले. पुढे ही मर्यादा शंभर आणि मग तीनशे किलोमीटर झाली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सारी राख उपयोगात आणणे बंधनकारक केले, पडून राहिलेल्या जुन्या राखेलाही मुदत घातली आणि न वापरलेल्या प्रत्येक टनामागे एक हजार रुपये भरपाई ठरवली. घाण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व त्यात आहे. दुसऱ्या बाजूला, चिमणीतून जाणाऱ्या गंधकाच्या वायूवर २०१५ मध्ये घातलेली मर्यादा पाळण्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली आणि २०२५ मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना तो वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. कायदा एक पाऊल पुढे टाकतो, मग थोडा थबकतो.

येथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. त्यातून शाळांना बाके मिळाली, गावांना पाण्याच्या टाक्या मिळाल्या, आरोग्य शिबिरे झाली. हे स्वागतार्ह आहे. परंतु दान वेगळे आणि देणे वेगळे. ज्याची जमीन गेली, ज्याच्या विहिरीशेजारी राखेचा बंधारा आला, त्याला मिळालेली पाण्याची टाकी हे दान म्हणावे की जुन्या देण्याचा हप्ता? न्यायाने जे द्यायचे ते दान म्हणून पुढे करू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या कार्याविषयीच्या दस्तऐवजात बजावले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीची झीज आणि गरिबांची परवड हे एकाच दुखण्याचे दोन भाग मानले, त्यामागेही हीच दृष्टी आहे. झाडे लावणे हे दान असू शकते. आपली राख उचलणे हे देणेच आहे.

या देण्याचा शेवटचा आणि सर्वांत अवघड हप्ता अजून बाकी आहे. उद्योगसमूह सौरऊर्जेकडे वळतील, वळायलाच हवे. तसतशी जुन्या चिमण्यांची गरज कमी होत जाईल. एकलहऱ्याच्या पहिल्या दोन संचांची जागा रिकामी झाली. ६६० मेगावॅटच्या नव्या संचाची मागणी येथील लोकांनी वर्षानुवर्षे लावून धरली. बाहेरच्या पर्यावरणवाद्याला हे विचित्र वाटेल: ज्यांच्या अंगणात राख पडते तेच आणखी एक चिमणी मागतात! पण त्या मागणीत कोळशाचे प्रेम नाही, पोटाची काळजी आहे. कायम कामगारांबरोबरच कंत्राटी मजूर, उपाहारगृहवाले, वाहनचालक, वसाहतीच्या रस्त्यावरचे किराणा दुकानदार, असा मोठा गोतावळा त्या चिमणीच्या आधाराने जगतो. पन्नास वर्षे राख सोसलेल्यांना शेवटी बेकारीही सोसावी लागली, तर जगाच्या स्वच्छतेचे बिल दोनदा एकाच पत्त्यावर आले, असे म्हणावे लागेल.

जर्मनीने २०२० मध्ये कोळशाची वीज २०३८ पर्यंत बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा त्यासोबत कोळशावर जगणाऱ्या प्रदेशांसाठी चाळीस अब्ज युरोंपर्यंतची तरतूदही केली: नवे उद्योग, रेल्वेमार्ग, संशोधनसंस्था, कामगारांचे प्रशिक्षण. श्रीमंत देशाला ते परवडले, हे खरे. पण त्यामागचा विचार पैशाचा नाही, क्रमाचा आहे. आधी माणसाची सोय, मग भट्टी विझवायची. एकलहऱ्याला तयार वीजवाहिन्या आहेत, रेल्वेचा फाटा आहे, जमीन आहे, पिढ्यान्‌पिढ्या यंत्रांशी जुळलेले हात आहेत. वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांपासून सौरयंत्रांच्या दुरुस्तीपर्यंत कितीतरी कामांना असेच हात लागतात. त्या हातांना वेळीच नवे शिक्षण मिळाले, तर संक्रमणाची भीती निम्मी होईल.

आमच्या धर्मग्रामातील अनेक मुले-मुली आज याच समूहांच्या कार्यालयांत आहेत. कोणी लेखापाल आहे, कोणी अभियंता, कोणी संगणकावर हेच अहवाल तयार करतो. त्यांना माझे सांगणे एवढेच की आपल्या कारखान्याच्या चांगल्या कामाचा अभिमान जरूर बाळगा. ती बाटली घरी आणून बापाला दाखवा. पण अहवालाच्या बैठकीत संधी मिळेल तेव्हा कुंपणापलीकडचा एक प्रश्न विचारा. आपली वीज कोणत्या गावातून येते? आपली वस्तू विकल्यावर तिचे काय होते? आपण उचलतो म्हणतो ती राख किती, आणि राहिली ती किती? आकड्यांनी भरलेल्या त्या जाड अहवालात समूहाच्या प्रत्येक उद्योगामागे एक पान गावासाठी राखून ठेवा. त्यावर गावाचे नाव लिहा, आपण तेथून काय घेतले ते लिहा, काय ठेवले ते लिहा आणि काय परत केले ते लिहा.

आणि जे कोणत्याही कार्यालयात नाहीत, त्यांच्या हातीही दर महिन्याला एक छोटा अहवाल पडतो: विजेचे बिल. त्यावरील युनिटच्या आकड्याला चाराने भागा. जे उत्तर येईल तेवढे किलो. विनाकारण जळणारा दिवा मालवताना मुलांना पैशांच्या बचतीबरोबर हेही सांगा की तेवढी राख आज सामनगावच्या, हिंगणवेढ्याच्या शेजारी पडणार नाही. घरातील चार माणसांनी हा आकडा ओळखला, तर उद्या गावाच्या सभेत आणि कंपनीच्या दारात तो मोठ्याने विचारण्याचे बळ आपल्याला येईल.